लेणे पाहावे, पुजावे की राखावे?

अहिल्यानगरहून कल्याणकडे निघालेला रस्ता पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरवरून जातो, आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता ओलांडतो आणि ओतूरमार्गे माळशेज घाटात शिरतो. टाकळीजवळच्या डोंगरात ढोकेश्वराचे शैव लेणे आहे. आळेफाट्याच्या पुढे डाव्या हाताला जुन्नरचे डोंगर. तिथे लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा या गटांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत आणि त्यांतली बहुतेक बौद्ध आहेत. नगरकडच्या माणसाला प्राचीन बौद्ध लेणी पाहायची असतील, तर घरापासून सर्वांत जवळचा मोठा समूह हाच.

या वाटेवरच्या लेण्यांकडे येणारी माणसे एका कारणाने येत नाहीत. कुणी गणपतीच्या दर्शनाला येते, कुणी बुद्धवंदनेला, कुणी शिलालेख वाचायला, कुणी गडावर मुक्कामाला. या सगळ्यांची वर्दळ सांभाळून दोन हजार वर्षांचा दगड कसा टिकवायचा, यावर महाराष्ट्रात बरीच वर्षे वाद-संवाद चालू आहे. त्या चर्चेची पार्श्वभूमी, तिच्यातल्या मुख्य भूमिका आणि अजून न सुटलेल्या गाठी यांचा हा आढावा.

लेणी कशी आली, कशी विसरली गेली

सोपारा-कल्याण या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि तिथून पैठणकडे जाई. नेवाशाच्या उत्खननात रोमन धाटणीच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले, ते याच व्यापाराची साक्ष देतात. जुन्नरची लेणी या व्यापाराच्या पैशावर, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून पुढची चार-पाच शतके खोदली गेली. भिक्षूंच्या वर्षावासासाठी (पावसाळी मुक्कामासाठी) विहार, पूजेसाठी स्तूप असलेले चैत्यगृह आणि पाण्यासाठी पोढी, अशी त्यांची साधारण मांडणी. दान देणाऱ्यांत यवन आहेत, धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी (व्यावसायिक संघटना) आहे आणि राजाचा अमात्यही आहे. मानमोडीच्या डोंगरातला एक लेख क्षत्रप नहपानाच्या अमात्य अयमाने वर्ष 46 मध्ये मंडप आणि पोढी दिल्याचे सांगतो.

देखभालीचा प्रश्न त्या काळच्या दात्यांनाही सुचला होता. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. त्याने 3,000 कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. त्यांतल्या 2,000 वर दरमहा एक टक्का आणि 1,000 वर पाऊण टक्का व्याज ठरले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची वस्त्रे आणि इतर खर्च भागवायचा. जुन्नरच्या लेखांतही बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे अशा ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत. म्हणजे लेणे खोदून दात्याचे काम संपत नव्हते. ते चालते राहावे याची तजवीज दानातच केलेली असे.

पुढे व्यापार आटला, संघ विखुरला आणि ठेवीही बुडाल्या. रिकाम्या लेण्यांना नवे रहिवासी मिळाले. तुळजा लेण्यांत बारा खांबांचे गोल चैत्यगृह आहे, त्याच गटात तुळजादेवीची पूजा सुरू झाली. मानमोडीच्या अंबा-अंबिका गटात जैन मूर्ती आल्या. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे ठाणे झाले. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती स्थिरावला आणि ते अष्टविनायकांपैकी एक ठरले.

एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांची पावले इकडे वळली. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा भारतीय लेण्यांवरचा ग्रंथ 1880 मध्ये आला. बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे शिलालेख 1881 मध्ये प्रसिद्ध केले. विसाव्या शतकात दामोदर कोसंबी यांनी कार्ले-जुन्नरच्या वाटा पायी तुडवून लेणी, व्यापारी मार्ग आणि ग्रामदेवता यांचा संबंध मांडला. म. न. देशपांडे, शोभना गोखले, म. के. ढवळीकर, सुरेश जाधव यांनी स्थापत्य आणि लेखांचा अभ्यास पुढे नेला.

या चर्चेला सर्वांत मोठे वळण मात्र अभ्यासकांमुळे मिळाले नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो माणसांसाठी ही लेणी एकाएकी आपल्या धर्माची झाली. तोवर कागदोपत्री ‘प्राचीन अवशेष’ असलेल्या जागांना पुन्हा उपासक मिळाले.

दगडाची बाजू

माणसांच्या भूमिकांआधी दगडाची अवस्था पाहिली पाहिजे. सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी बनला आहे. थर कठीण असला तरी त्यात उभ्या-आडव्या भेगा असतात आणि दोन थरांच्या मध्ये कधी लालसर, भुसभुशीत पट्टा असतो. पावसाळ्यात डोंगरमाथ्यावरचे पाणी या भेगांतून झिरपत लेण्याच्या छतापर्यंत पोहोचते. भेगेत उंबर-पिंपळाचे मूळ शिरले की ती रुंदावते. खोदणाऱ्यांना हे ठाऊक होते. अनेक लेण्यांच्या माथ्यावर त्यांनी पाणी बाजूला वळवायला चर खोदले होते. ते गाळाने बुजले की पाणी दर्शनी भागावर येते, आणि कालांतराने खांब आणि ओसरी कोसळते. डोंगराच्या पोटातली खोली शाबूत आणि दर्शनी भाग गेलेला, असे दृश्य जुन्नरला जागोजागी दिसते.

अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराचे लेणे आहे. मोठे शिवलिंग थंडगार पाण्यात उभे, भोवती चार खांब, त्यांतला एकच शाबूत. हे खांब चार युगांचे आहेत आणि शेवटचा पडला की कलियुग संपेल, अशी लोककथा सांगितली जाते. कथेपलीकडे पाहिले तर गडावर धो-धो कोसळणारा पाऊस आणि बारमाही ओल यांनी दगडाचे काय होते, याचा हा ढळढळीत नमुना आहे.

रंगवलेल्या लेण्यांचा नाजूकपणा आणखी वेगळा. अजिंठ्याच्या चित्रांखाली मातीचा गिलावा आहे. त्याला दमटपणा, किडे आणि वटवाघळे तिन्ही सोसत नाहीत. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते आणि तिथे किड्यांचा उपद्रव कमी राहिला, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. जुन्नरची लेणी बहुतांशी चित्रविरहित आहेत, त्यामुळे तिथे हा प्रश्न कमी तीव्र आहे. पण धूप, तेलाचे दिवे, शेंदूर, ऑइलपेंट आणि भिंतीवर कोरलेली नावे यांचा मारा तिथेही आहे.

चार भूमिका

पहिली भूमिका पुरातत्त्व खात्याची आणि बहुतेक संवर्धनतज्ज्ञांची. लेणे हा मूळ पुरावा आहे. त्यात कमीत कमी हात घालावा, जुने आणि नवे काम ओळखू यावे, आणि उद्या गरज पडली तर काढून टाकता येईल असेच साहित्य वापरावे. या आग्रहामागे कडू अनुभव आहे. निजाम सरकारने 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अजिंठ्याची चित्रे वाचवायला लॉरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, ते उपकारक ठरले. पण चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे-तपकिरी पडले आणि ते उतरवण्यात खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांची पुढची कित्येक वर्षे गेली. या भूमिकेवर आक्षेप असा की तिच्यात ‘काही करू नका’ यावर भर असतो. कुंपण आणि फलक लागतात, पण माथ्यावरचा चर साफ करायला मनुष्यबळ नसते.

दुसरी भूमिका चालू पूजा जपणाऱ्यांची. लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या चढून भाविक सातव्या लेण्यात येतो. एकही खांब नसलेला प्रशस्त मंडप, कडेने भिक्षूंच्या कोठ्या, आणि मधल्या दोन कोठ्या एक करून केलेला गाभारा. त्याच्या भिंतीतल्या दगडातच शेंदूरचर्चित गणपती आहे. विहाराचा आराखडा आणि देवळाचा वावर एकाच खोलीत नांदताना पाहायचा, तर यापेक्षा स्पष्ट ठिकाण क्वचितच सापडेल. भाविकांचे म्हणणे असे की कित्येक पिढ्यांची ही पूजाही आता वारसाच आहे, आणि ती होती म्हणूनच ही जागा झाडलोट होऊन राहिली. देवदर्शनाला स्मारकाचे तिकीट का, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. वृद्धांसाठी रोपवे हवा, अशी मागणीही लेण्याद्री आणि कार्ला दोन्हीकडे अधूनमधून होते. आगरी-कोळी समाजासह अनेकांची कुलदेवता असलेल्या एकवीरेच्या यात्रेला येणारी गर्दी पाहता ही मागणी समजण्यासारखी आहे. त्याच गर्दीत कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या मूळ लाकडी कमानी टिकवायच्या आहेत, हे तिचे दुसरे अंग.

तिसरी भूमिका बौद्ध उपासकांची आणि लेणी-संवर्धक गटांची. त्यांचा पहिला आग्रह ओळखीचा. स्तूप, चैत्य आणि भिक्खुसंघाला दिलेल्या दानाचे लेख समोर असताना जागा ‘पांडवांची’ म्हणून सांगितली जाऊ नये आणि माहितीफलकावर तिचा बौद्ध इतिहास ठळक असावा. दुसरा आग्रह वंदनेच्या मुभेचा, विशेषतः बुद्धपौर्णिमा आणि वर्षावासाच्या काळात. या भूमिकेने गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष कामही उभे केले. रविवारी लेण्यांची साफसफाई, धम्मलिपीचे (ब्राह्मी लिपीचे) वर्ग, लहान-सहान लेण्यांची छायाचित्रे आणि नोंदी. शिलालेख वाचणे हे मोजक्या विद्वानांचे काम राहिले नाही, हा त्याचा मोठा फायदा. यावर दोन शंका घेतल्या जातात. उत्साहात भिंती घासल्या, लेखाच्या अक्षरांत खडू किंवा रंग भरला तर दगडाला इजा होते. आणि काही वेळा पुराव्याआधीच एखादे देऊळ मूळचे बौद्ध असल्याचे जाहीर होते. या दुसऱ्या शंकेची चाचपणी ढोकेश्वरला करता येते. साधारण सहाव्या शतकातल्या या लेण्यात गाभारा मध्यभागी सुटा ठेवून त्याभोवती खडकातच प्रदक्षिणामार्ग कोरला आहे, दाराशी द्वारपाल आहेत आणि भिंतीवर सप्तमातृकांचा पट आहे. आराखडाच शैव आहे. उलट लेण्याद्रीच्या सातव्या लेण्याचा आराखडा विहाराचा आहे. दोन्ही निष्कर्ष एकाच कसोटीवर निघतात, ही गोष्ट वादातल्या दोन्ही बाजूंनी मान्य करण्याजोगी आहे.

चौथी भूमिका पर्यटन आणि गावाची. पायथ्याच्या दुकानदाराला, रिक्षावाल्याला, घरगुती जेवण देणाऱ्या कुटुंबाला लेणे म्हणजे रोजगार. गर्दी घटवा म्हणणे त्यांच्या पोटावर येते. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी गिर्यारोहकांचीही यात भर पडते. गडावरच्या गुहांत मुक्काम करणे, तिथे चूल पेटवणे ही अनेक वर्षांची रीत. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने वनखात्याचे नियमही लागू होतात. जुन्या गिर्यारोहकांचे म्हणणे, आमच्यामुळेच या वाटा जित्या राहिल्या. संवर्धकांचे म्हणणे, छतावर धरलेली काजळी एका पावसाळ्यात धुतली जात नाही.

कायदा कुठवर पोहोचतो

केंद्रीय संरक्षित स्मारकांना 1958 चा प्राचीन स्मारके कायदा लागू आहे, राज्याच्या यादीतल्या स्मारकांना 1960 चा महाराष्ट्राचा कायदा. केंद्रीय कायद्यात पूजास्थान असलेल्या स्मारकाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कारणासाठी करता येत नाही. प्रत्यक्षात खात्याचे धोरण असे की संरक्षणाखाली येताना जिथे पूजा चालू होती तिथे ती चालू राहते, जिथे नव्हती तिथे नव्याने सुरू करता येत नाही. 2010 च्या दुरुस्तीने स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत नियंत्रण आले. नासधुशीची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वाढवली गेली.

कागदावर हे भक्कम दिसते. अडचणी तीन ठिकाणी येतात. संरक्षणाच्या तारखेवर पूजेचा हक्क ठरत असल्याने लेण्याद्रीचा गणपती धोरणात बसतो, पण 1956 नंतर उपासक झालेल्या समाजाची वंदना बहुतेक ठिकाणी ‘नवी’ ठरते. ज्यांच्या धर्मासाठी लेणे खोदले गेले त्यांचीच पूजा नवी, ही विसंगती बौद्ध गट वारंवार दाखवून देतात. तारीख सैल केली तर प्रत्येक स्मारकावर नवे दावे येतील, ही खात्याची चिंता. दुसरी अडचण 100 मीटरच्या बंदीची. पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला घराची डागडुजी करायलाही परवानगी लागते, आणि स्मारकाविषयी आपुलकीऐवजी राग साठतो. तिसरी अडचण यादीबाहेरच्या लेण्यांची. अजून नव्या नोंदी होत असतात. 2021 मध्ये नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे दोन शतके अभ्यासल्या गेलेल्या जागी, आणखी लेणी आढळली. तिथे असे, तर दुर्गम कडेकपारीत काय असेल, याचा अंदाज करता येतो.

इतरांनी काय केले

अजिंठ्याला गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबवून पुढे बसने नेतात, चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश बंद आहे आणि एका वेळी मर्यादित माणसे आत सोडतात. प्रतिकृती दाखवून मूळ लेण्यांवरचा भार हलका करण्यासाठी पायथ्याला अभ्यागत केंद्रही बांधले गेले, पण ते सातत्याने चालवणे जमले नाही. इमारत उभी करण्यापेक्षा ती चालवणे अवघड, हा धडा त्यातून मिळाला.

चीनमधल्या दुनहुआंगच्या मोगाओ लेण्यांनी हाच विचार तडीस नेला. तिथे लेण्यांमधली हवा, दमटपणा आणि माणसांची वर्दळ वर्षानुवर्षे मोजून रोजच्या पाहुण्यांचा आकडा सुमारे 6,000 वर बांधला गेला. 2014 मध्ये सुरू झालेल्या केंद्रात पाहुणा आधी पडद्यावर लेणी पाहतो, मग मोजक्या लेण्यांत जातो. पण मोगाओत आज पूजा नाही.

पूजेसह जतनाचे उदाहरण श्रीलंकेतल्या दंबुल्लाचे आहे. पाच गुहांचे हे बौद्ध शैलमंदिर बावीस शतकांची उपासनेची परंपरा सांगते आणि 1991 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथला कारभार विहाराच्या भिक्षूंकडे आहे. त्यामुळे उपासक परके ठरत नाहीत. पण चित्रांच्या संवर्धनात तज्ज्ञांचा शब्द किती चालावा, यावर तिथेही ओढाताण होते. महाराष्ट्रातल्या लेण्यांत दोन धर्मांचे उपासक, सरकारी मालकी आणि तिकीट हे सारे एकत्र आहे. त्यामुळे दोन्हींपैकी एकही नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

काय सुटलेले नाही

पहिली गाठ मोजमापाची. अजिंठ्याबाहेर किती माणसे लेण्याला सोसतात, याचा लेण्यागणिक अभ्यास झालेला नाही. मोजमाप नसले की गर्दीचा वाद मतांवर चालतो. लेण्याद्रीच्या खांब नसलेल्या मंडपात अंगारकीला आणि एरवीच्या मंगळवारी किती दमटपणा असतो, हे एका वर्षाच्या नोंदींनी कळेल.

दुसरी गाठ वंदनेच्या हक्काची. संरक्षणाची तारीख हा एकमेव निकष ठेवायचा की लेण्याचा मूळ हेतूही विचारात घ्यायचा, यावर न्यायालयीन किंवा धोरणात्मक स्पष्टता आलेली नाही. दिवस, वेळ आणि रीत ठरवून मर्यादित वंदनेला मुभा देण्याचा मध्यममार्ग सुचवला जातो. धूप-दिवे न लावता वंदना होऊ शकते, त्यामुळे दगडाच्या दृष्टीने त्यात मोठा अडसर नाही. अडसर आहे तो पायंडा पडण्याच्या भीतीचा.

तिसरी गाठ सांगण्याची. फलकावर लेण्याचा एकच काळ लिहायचा की सगळे थर? लेण्याद्रीला विहार आणि गणपती, कार्ल्याला संघ आणि एकवीरा, मानमोडीला बौद्ध आणि जैन, हे सगळे एका फलकावर सांगता येते. त्याला खर्च फारसा नाही, सहमती मात्र लागते.

चौथी गाठ सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित, रोजच्या देखभालीची. पावसाळ्यापूर्वी माथ्यावरचे चर साफ करणे, भेगेतले रोप कोवळे असतानाच उपटणे, पोढीतला गाळ काढणे. याला मोठे तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो ठरलेला माणूस, ठरलेला दिवस आणि न चुकणारा पैसा. राज्यात स्मारके संस्थांकडे संगोपनाला देण्याची योजना आहे, केंद्राची 2017 मध्ये सुरू झालेली स्मारक दत्तक योजना 2023 मध्ये नव्या रूपात आली. पण अशा योजनांत नामांकित स्मारकांना पालक पटकन मिळतात. कड्यावरच्या तीन कोठ्यांच्या लेण्याला कोण विचारणार?

आजच्या चर्चेतला बराचसा वेळ लेणे कुणाचे, या प्रश्नावर जातो. तो प्रश्न गैरलागू नाही. ओळख आणि हक्क या खऱ्या गोष्टी आहेत. पण चारही बाजूंचे म्हणणे एकत्र ठेवले तर एक गोष्ट कुणीच नाकारत नाही. माथ्यावरून येणारे पाणी उपासक, पर्यटक आणि अभ्यासक असा भेद करत नाही. मालकीचा वाद निकाली निघेपर्यंत देखभालीचे काम थांबवण्याचे कारण नाही, आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन खात्याच्या देखरेखीखाली हंगामी काम देणे, आणि तिकिटाच्या उत्पन्नातला ठरीव वाटा त्याच डोंगरावरच्या लहान लेण्यांसाठी राखून ठेवणे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. मुद्दलाला हात न लावता व्याजातून लेणे चालवण्याची सोय उषवदाताने करून ठेवली होती. तशी व्यवस्था आज कुणाच्या नावावर, कोणत्या खात्यात आणि कोणाच्या जबाबदारीवर उभी राहील, हा या विषयातला पुढचा प्रश्न आहे.